वरून दुसरं बटण

“आणि कृपा करून कुणी ऑरिन करू नका,” माझ्याबरोबर शिकवणारा डेस्मंड म्हणाला, आणि अख्खा वर्ग हसला.

शेवटच्या रांगेत मीही हसले. इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप हसतं. समोर बसलेली चौदा माणसं आमची कामं घ्यायला आली होती. नव्या मालकांनी आम्हाला नोकरी सोडायची महिनाअखेरची तारीख दिली होती, आणि जाण्याआधी या कंत्राटी लोकांना सगळं शिकवून जा, असंही वर सांगितलं होतं. आपलं वाढलेलं पान आपणच दुसऱ्यापुढे सरकवायचं, तसला प्रकार.

“ऑरिन करणं म्हणजे काय?” पुढच्या बाकावरच्या एका बाईने विचारलं.

“म्हणजे डिस्क भरली म्हणून आपल्याला फोन करायचा, आणि आपण सांगू ते सोडून भलतंच बटण दाबायचं. सात महिन्यांचं काम स्वाहा.” डेस्मंड माझ्याकडे वळला. “खरंच होता का गं असा कुणी, लॉरेन? तू तर इथली पणजी.”

“असेल,” मी म्हणाले.

असेल म्हणे! काय जीभ आहे माझी. ऑरिन त्वेइट चांगला हाडामांसाचा माणूस होता. नॉर्थ डकोटातल्या एका लहानशा काउंटीच्या नोंदणी कार्यालयात संगणक सांभाळायचा. आणि त्याने मी सांगितलं तेच बटण दाबलं होतं.

मी हॉलोमिल कंपनीत लागले तेव्हा आम्ही सगळे मिळून एकेचाळीस जण होतो. पालो आल्टोत एका सायकलच्या दुकानावरचा मजला, त्यात एकच संडास, आणि खाली कुणी ट्यूब चिकटवायला घेतली की वास थेट आमच्या जेवणात. माझ्या वडिलांचा जन्म गाईंची दुधं काढण्यात गेलेला. त्यांना मी एकदा आमचा माल समजावून सांगितला होता.

“म्हणजे एका संगणकाच्या पोटात दहा संगणक?”

“हो. आणि प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच आहे.”

“मग भांडत कसे नाहीत?” वडिलांनी विचारलं. भांडू नयेत म्हणूनच आम्ही होतो.

त्या पोटातल्या संगणकाचा चालू असतानाच एक फोटो काढून ठेवता यायचा. पुढे काही बिघडलं तर फोटोकडे परत जायचं. आमच्या माहितीपत्रकावर ‘निर्धास्त झोपा’ असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. लोक बिचारे झोपले. फोटो आहे ना, मग वेगळी प्रत कशाला ठेवा, असं धरून चालले. फोटो तसाच ठेवला की रोज जागा खात जातो, हे आम्ही शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं. आणि जागा संपली की तो पुसायचा. पुसला तर काही जात नाही, आजवरचं काम जिथल्या तिथे राहतं. फोटोकडे परत गेलं, तर मात्र त्यानंतरचं सगळं जातं. ज्याची भीती वाटते ते बटण निरुपद्रवी, आणि जे गरीब दिसतं तेच घात करतं. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी प्रत्येक जण इथे एकदा तरी ठेचकाळतो. मी ठेचकाळले ती फोनवर, आणि पाय दुसऱ्याचा होता.

दोन हजार तीनचा ऑक्टोबर होता. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला लागून मला तिसरा महिना, चौथ्यात कायम करणार होते. आधी दोनदा बोलणी खाल्ली होती. शेजारचा दुसरा फोन वाजत होता.

“डिस्क भरलीय, पोरी. सगळं ठप्प झालंय,” ऑरिन म्हणाला. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. “बाहेर लोक उभे आहेत.”

“फोटोच्या खिडकीत जा. वरून दुसरं बटण.”

“बरं,” तो म्हणाला आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलला, “यंत्र चालू झालं. पण मार्चनंतरचं काहीच दिसत नाहीये गं इथे.”

तिथल्या तिथे कळलं मला, पुसायचं बटण तिसरं, आणि दुसरं फोटोकडे परत नेणारं. वाटलं होतं कधी तरी कुणाला सांगेन की नंतर लक्षात आलं, पण नाही, त्याच क्षणी कळलं. आणि मी काय बोलले?

“दुसरं कशाला दाबलंत? मी तिसरं म्हणाले होते ना?”

मग तो म्हणाला, “तिसरं म्हणालीस? म्हणाली असशील. घाईत माझंच बोट चुकलं असणार.”

तेव्हा आमचे फोन ध्वनिमुद्रित होत नसत. नोंदीत मी लिहिलं, ‘सूचना योग्य. ग्राहकाने चुकीचं बटण दाबलं.’ आणि प्रकरण बंद केलं.

त्याच वर्षी कागदी वह्या बंद करायला त्यानेच कार्यालयाला पटवलं होतं. मार्च ते ऑक्टोबरमधले त्या काउंटीतले जन्म, लग्नं, मृत्यू, सगळं गेलं. लोकांना एकेक करून परत बोलवावं लागलं. हे मला त्याच्याच पत्रातून कळलं. ‘बाळाची नोंद करायला माणसं पुन्हा हसत येतात. पण आई गेल्याचं दुसऱ्यांदा सांगायला कुणी येतं, तेव्हा मला त्या खुर्चीत बसवत नाही. तू धीराने घेतलंस. तुला ओरडा बसू नये म्हणून तुझ्या साहेबांनाही वेगळं लिहिलंय.’ सोबत एक डबा होता, त्याच्या बायकोने, इर्माने, केलेल्या पातळ गोड सुरळ्यांचा. पत्र कुणीतरी मोठ्याने वाचलं. सुरळ्या दहा मिनिटांत संपल्या. मीही दोन खाल्ल्या. उतरल्या घशाखाली, खोटं कशाला सांगू?

त्या दिवसापासून ‘ऑरिन करणं’ सुरू झालं. आमच्याकडे मालाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला एक टी-शर्ट निघायचा. पुढच्या टी-शर्टच्या पाठीवर तेच छापलं, ‘ऑरिन करू नका’. मला कायम केलं.

मग कंपनी वाढली. सायकलवाल्याचा मजला सुटला, टेकडीवर काचेच्या इमारती आल्या. पूर्वेकडच्या एका बड्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं, नंतर आमचे समभाग बाजारात आले, तेव्हा पार्किंगमध्ये लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. एकेचाळीसचे वीस हजार झालो. जगातल्या बँका, विमानतळ, सगळे आमच्या पोटातल्या संगणकांवर चालायला लागले. पुढे गिऱ्हाइकांनी आपली यंत्रंच काढून टाकली आणि सगळं दुसऱ्यांच्या संगणकांच्या मोठमोठ्या कोठारांत भाड्याने ठेवलं, तशी आमची रया गेली. शेवटी हे तिसरे मालक आले. त्यांनी लहान गिऱ्हाइकांना सरळ वाट दाखवली आणि आमच्यातल्या निम्म्यांना घर. त्या सगळ्या वर्षांत मी शेकडो जणांना शिकवलं, आणि दर वर्गात कुणीतरी ऑरिनचं नाव काढलं की हसले.

त्या दुपारी, वर्ग सुटल्यावर, जुन्या प्रकरणांची यादी माझ्याकडे आली. शुक्रवारी त्या नोंदींची यंत्रणा बंद होणार होती, काही ठेवायचं असेल तर सांगा. मी शोधात ऑरिनचं नाव घातलं. माझी ओळ जशीच्या तशी होती. तिच्याखाली पुढच्या जानेवारीतली आणखी एक नोंद होती, दुसऱ्या कुणीतरी घेतलेली: ‘ग्राहकाची नोकरी गेली. नव्या माणसाला अडचण आली तर मला घरी विचारा, असा निरोप.’ आणि घरचा नंबर.

बंद प्रकरणातली ओळ बदलता येत नाही, खाली नवी जोडता येते. ‘सूचना चुकीची होती. चूक माझी,’ असं लिहून मी खाली माझं नाव घातलं. मग लक्षात आलं, शुक्रवारी हेही जाणार. हे वाचणार कोण होतं? मी फोन उचलला.

त्यानेच घेतला. आवाज म्हातारा झाला होता, पण तसाच सावकाश.

“मी लॉरेन बेटनकोर्ट. हॉलोमिलमधली. दोन हजार तीन साली तुम्ही—”

“आठवतंय की. डबा मिळाला होता का?”

“मिळाला होता.” “ऑरिन, मी दुसरं बटण म्हणाले होते, तिसरं नाही. तुमचं बोट चुकलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी खोटं बोलले.”

मागे भांड्यांचा आवाज येत होता.

“माझी नोकरी नवी होती हो, मी घाबरले—”

“थांब,” तो म्हणाला. मग फोनपासून लांब होऊन, “इर्मा, राहू दे ते. हात पूस आणि इकडे ये.” काहीतरी खुडबुड झाली आणि फोन स्पीकरवर गेला. “आता सांग. मला सांगितलंस तसंच सांग.”

मी सांगितलं. या वेळी नवी नोकरी वगैरे मध्ये घातलं नाही.

“बाई,” इर्मा म्हणाली, “यांनी त्यानंतर पंधरा वर्षं शाळेची बस चालवली. आणि घरात साधा टीव्ही लावायचा झाला तरी मला विचारतात, हेच ना गं बटण? मी हसायचे यांना. मीसुद्धा हसायचे.”

माफी मागायला मी तोंड उघडलं, पण ऑरिन मध्येच बोलला.

“रविवारी माझी मुलगी आणि जावई येतात. तेव्हा परत फोन करशील? त्यांनाही ऐकू दे.”

“करेन.”

“दोन वाजता कर. जेवणं झालेली असतात.”

रविवारी बरोबर दोनला मी फोन लावला. पलीकडे खुर्च्या सरकल्या, कुणीतरी लहान मुलाला गप्प केलं, आणि दोघांपेक्षा कितीतरी जास्त माणसं असल्याचं मला कळलं.

“बोल,” ऑरिन म्हणाला. “सगळे बसलेत.”