हॉलंडच्या पुलावर चिरलेले हेल्मेट

सायकल सहलीच्या पत्रकात 'हेल्मेट : ऐच्छिक' असे छापणारे सहल कंपनीचे साहेब, दोषी तुम्ही आहात. त्याच पत्रकात 'रेनकोट : आवश्यक' असेही तुम्हीच छापले. कपडे भिजू नयेत याची तुम्हाला काळजी, डोक्याचे मात्र ज्याचे त्याने बघावे!

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. लाल रंगाचे, उजव्या कानापासून टाळूपर्यंत चिरलेले. मी बोलणार आणि स्पष्टच बोलणार.

आत थर्माकोलसारखा जाड थर, वर पातळ कवच, हनुवटीखाली पट्टा, एवढाच माझा देह. २००३ साली नाशिकच्या शालिमार चौकातल्या एका दुकानातून शैलाबाईंनी मला घरी आणले. बाई राहायच्या पंचवटीत, शिकवायच्या गणित आणि शाळेत जायच्या सायकलने. पहिल्याच दिवशी शाळेचा शिपाई लहानू म्हणाला, "बाई, चंद्रावर निघाल्या का काय?"

"हो. येतोस? कॅरिअर रिकामंच आहे," बाई म्हणाल्या.

रविवारी देवळाली कॅम्पपर्यंत चक्कर व्हायची. तिथले जवान मला बघून पसंतीची मान डोलवायचे. मी फुगून जायचे. बाईंची एक सवय मात्र मला खटकायची. गोदावरीचा पूल आला की त्यांचा उजवा हात हँडल सोडून छातीला लागायचा. पंचवटीतली कितीतरी माणसे नदीला असाच, सायकल न थांबवता नमस्कार करतात.

२००६ साली बाई आणि त्यांचे दीर ढुंढिराज हॉलंडच्या सायकल सहलीला गेले. पहिल्याच सकाळी ढुंढिराज हसले, "अहो वहिनी, इथली आजीबाईसुद्धा उघड्या डोक्याने चालवते. काढा ते टोपलं! फोटोत गावंढळ दिसू आपण. आणि पत्रकात ऐच्छिकच लिहिलंय की."

बाईंनी मला काढून हँडलला अडकवले. तीन दिवस मी त्यांच्या गुडघ्याचे धक्के खात लोंबकळले. अहो ढुंढिराज, ती आजीबाई लहानपणापासून त्याच रस्त्यांवर, उजव्या बाजूने सायकल चालवतेय. तुमचा जन्म गेला डाव्या बाजूने चालवण्यात. तिची बरोबरी कशाला करता?

तिसऱ्या संध्याकाळी बाईंच्या मुलीचा, स्वरदाचा, नाशिकहून फोन आला. "आई, हेल्मेट घालतेस ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले.

"आई?"

"उद्यापासून घालते." मुलीशी खोटे बोलणे काही त्यांना जमले नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेला होता. कालव्यावरचा पूल ओला होता. खाली पाणी दिसले आणि बाईंचा उजवा हात आपोआप छातीकडे गेला. हँडल वळले, चाक घसरले आणि बाईंचे डोके थेट दगडी कठड्यावर आदळले. मी तडकले. बाईंची कवटी शाबूत राहिली.

बाई उठून बसल्या. "भाऊजी, माझा चष्मा बघा हो कुठे पडला."

ढुंढिराजांनी चष्म्याआधी मला उचलले. माझ्या चिरेत त्यांची करंगळी सहज गेली. पुढच्या गावापर्यंत ते सायकल हाताने ढकलत चालत गेले, आणि तिथे सगळ्यात आधी त्यांनी स्वतःसाठी हेल्मेट घेतले.

मित्रांनो, नदीला नमस्कार जरूर करा, पण सायकलवरून उतरून करा.

आता स्वरदा त्याच सहलीला निघाली आहे. ती म्हणाली, "आई, मी हेच नेते. लकी आहे."

"अगं, एकदा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर घालायचं नसतं. नवीन घे, आणि पट्टा नीट आवळ."

बाई बरोबर बोलल्या. मला अडगळीत ठेवले याचे दुःख नाही. माझे काम मी चोख केले आहे.

पण साहेब, तुमचे काय? यंदाचे पत्रकही मी पाहिले, एक शब्द बदललेला नाही. ढुंढिराजांनी तुम्हाला दोन पत्रे पाठवली, दोन्ही गिळून बसलात. स्वरदाबरोबर आणखी अठरा जण निघालेत. त्यातले कुणी उघड्या डोक्याने आपटले, तर नाशिकला त्याच्या आईला फोन कोण करणार? नाव सांगा.