शिवलेला खिसा

मी एक जुनी पिशवी आहे मित्रांनो, पण जन्माने पँट. शाळामास्तर दिगंबररावांची तपकिरी पँट गुडघ्यांवर विरली, तेव्हा त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी तिच्या चांगल्या कापडातून मला शिवले. मागचा खिसा तसाच ठेवला, सुट्ट्या नाण्यांसाठी.

तीस वर्षे मी नारायण पेठेतून मंडईत पायी गेले. चाकवत, माठ, पेरू, लिंबे सारे वाहिले. भाजीवाल्या मुक्ताई म्हणत, "बाई, पिशवी आहे की पोतं? फाटायचं नाव नाही!" पुढे भाजी फोनवरून घरी येऊ लागली. मी दारामागे लटकले.

गेल्या वर्षी दिगंबररावांच्या रक्तवाहिन्या कडक झाल्याचे तपासणीत कळले. डॉक्टर तनुजाताईंनी कोलेस्टेरॉलसाठी रोजची एक गोळी दिली. पण जीवनसत्त्व 'ई' आणि 'सी'च्या कॅप्सुलींनी रक्तवाहिन्या साफ राहतात, असे दिगंबररावांनी कुठेसे वाचले. ते कॅप्सुली घेऊ लागले आणि डॉक्टरांची गोळी गुपचूप माझ्या खिशात टाकू लागले. जिना चढताना ते छातीवर हात ठेवून थांबत, आणि त्यांचे औषध माझ्यापाशी पडून असे. मला ओरडावेसे वाटे.

आवळ्यांच्या दिवसांत सुहासिनीबाईंनी मला काढून झटकले. गोळ्या फरशीभर घरंगळल्या.

"अहो, कोलेस्टेरॉल या पिशवीला झालंय का?"

"अगं, कॅप्सुली घेतोय ना मी!"

"अर्धवट वाचून पेपर लिहू नका, असं जन्मभर मुलांना सांगितलंत. चपला घाला."

आम्ही तिघे दवाखान्यात पोहोचलो. तनुजाताई शांतपणे म्हणाल्या, "काका, त्या कॅप्सुलींच्या मोठमोठ्या चाचण्या झाल्या. हृदयविकार टळल्याचं काही दिसलं नाही. जीवनसत्त्वं ताटातून घ्या, गोळी वेळेवर घ्या आणि चाला."

घरी येताच सुहासिनीबाईंनी चष्मा लावला, दुहेरी दोरा ओवला आणि माझा खिसा शिवून टाकला. मग मला नवऱ्याच्या हातात दिले. "उद्यापासून मंडई. पायी. मी बरोबर आहे."

आता दिगंबरराव सुहासिनीबाईंच्या देखत गोळी घेतात आणि मग निघतात. येताना मी आवळ्यांनी जड असते. ते मला या हातातून त्या हातात घेतात, पण बाईंकडे देत नाहीत.

मित्रांनो, जुन्या पिशव्या टाकू नका. आणि आजोबांची गोळी पोटात गेली की आणखी कुठे, हे रोज पाहा. माझा खिसा बंद झाला. तुमच्या घरी एखादा उघडा असेल.