घरातला एक अंगठा

चीक काही कुणासाठी थांबत नाही. गरम आहे तोवर सोऱ्यातून उतरला तर कुरडई, नाहीतर गोळा. हे शैलाताईंना माहीत होतं, म्हणून त्या फडक्यात धरलेलं वाफाळतं पातेलं घेऊन धापा टाकत गच्चीपर्यंत पोचल्या. आणि गच्चीच्या दाराला कुलूप होतं. नवंकोरं, पितळी.

पातेलं घेऊन त्या तशाच दुसऱ्या मजल्यावर उतरल्या. सोसायटीचे चेअरमन शरच्चंद्रराव दार उघडं टाकून पेपर वाचत बसले होते.

"अहो शरच्चंद्रराव, गच्चीला कुलूप कोणी लावलं?"

"सोसायटीने." पेपर खाली आला नाही. "वाळवणाने वॉटरप्रूफिंग खराब होतं. नोटीस ग्रुपवर टाकली होती."

"मी कुठल्या ग्रुपवर नाही."

"तुम्ही नसाल. पण फ्लॅट तुमच्या मुलाच्या, विश्वजीतच्या नावावर आहे आणि तो ग्रुपवर आहे. त्याने अंगठा दिलाय." आता कुठे त्यांनी पेपरची घडी घातली. "घरातला एक अंगठा पुरतो, वहिनी. निम्म्याहून जास्त घरांचे आले की ठराव पास. माझाच नियम आहे तो."

कात्रजच्या त्या इमारतीत शैलाताई राहायला आल्यापासून दर चैत्रात सगळ्या घरांच्या कुरडया त्याच करत आल्या होत्या. वर्षभर ताटात कुरडई मोडताना कुणी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय काढला नव्हता. खरी गोष्ट वेगळी होती. गच्चीवर शरच्चंद्ररावांच्या गुलाबाच्या कुंड्या होत्या, आणि तिथेच ते सकाळी चटई टाकून योगासनं करत. शवासनात असताना शेजारी बायकांच्या गप्पा नकोत, एवढंच ते वॉटरप्रूफिंग.

शैलाताईंनी बंगळुरूला फोन लावला. विश्वजीत म्हणाला, "अगं आई, त्या ग्रुपवर दिवसभर काहीतरी चालूच असतं. वाचतंय कोण? मी आपला अंगठा देऊन टाकतो." बिल्डिंगमधल्या बाकीच्यांनीही तेच केलं होतं.

तोवर चिकाचा दगड झाला होता. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, वाटले, गाळले, आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात. शैलाताई रडल्या नाहीत. त्यांनी पातेलं घासलं, चिकटलेला थर उलथण्याने खरवडताना मनात पक्का डूख धरला, आणि पातेलं पालथं घालण्याआधीच पुन्हा गहू भिजत घातले. गच्ची उघडो न उघडो, चौथ्या दिवशी चीक शिजणार होता. या माणसाला त्याच्याच नियमाचं पाणी पाजायचं, एवढं एकच त्यांना आता हवं होतं.

विश्वजीतने दिवाळीला पाठवलेला स्मार्टफोन खोक्यासकट कपाटात पडून होता. तो बाहेर निघाला. शिकवणार कोण, हा प्रश्न शरच्चंद्ररावांनीच सोडवला. जिन्यात भेटल्यावर ते मोठ्या मनाने म्हणाले, "आमच्या कल्याणीला पाठवतो. शिकून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तक्रारीला जागा नको."

त्यांची बायको कल्याणी दुपारी आली. बोलायला कमी, कामाला चोख. तिने सिमकार्ड बदललं, व्हॉट्सअॅप चालू केलं, मेसेजमध्ये आलेला आकडा कुठे टाकायचा ते दाखवलं. फोटोच्या जागी शैलाताईंनी सोऱ्याचा फोटो लावला. मग नंबर साठवण्याची पाळी आली.

"नावाच्या आधी एक खूण लावा, शैलाताई," कल्याणी म्हणाली. "एका प्रकारची माणसं असली की एकच शब्द. शोधताना तो शब्द टाकला की सगळी रांगेने पुढे येतात."

शैलाताईंना हे फारच पटलं. 'कुरडई शेफाली', 'कुरडई संजय', अशी घरामागून घरं कुरडईखाली गेली. शरच्चंद्ररावांचा नंबर आला तेव्हा त्यांनी एक एक अक्षर दाबत लिहिलं, 'कुलूप शरचंद्र'. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या माणसाची बायको खांद्यावरून बघते आहे.

कल्याणी म्हणाली, "शरच्चंद्रला अजून एक च. हां, आता बरोबर." आणि चहाचा कप विसळून ठेवून निघून गेली.

ती गेल्यावर पहिला मेसेज विश्वजीतचा आला. 'आई! व्हॉट्सअॅपवर आलीस! या वर्षी कुरडया कधी पाठवतेस?' शैलाताईंनी त्याला उत्तरादाखल नुसता अंगठा दिला. फार बरं वाटलं.

गव्हाचा तिसरा दिवस उजाडला तसा त्यांनी नवा ग्रुप काढला. शोधायच्या जागी 'कुरडई' टाकलं, सगळी नावं रांगेने पुढे आली, आणि त्यांनी रागाच्या भरात वरपासून खालपर्यंत प्रत्येकावर बोट ठेवलं. मग नोटीस टाकली. 'गच्ची वाळवणासाठी रोज उघडी राहील. किल्ली शैलाकडे. ज्यांना वर्षभर कुरडया खायच्या आहेत त्यांनी अंगठा द्यावा. या वेळी वाचून द्यावा.'

मेसेज गेला आणि मग त्यांनी ग्रुपातली नावं पुन्हा पाहिली. 'कुरडई कल्याणी'. शत्रूच्या घरातलं माणूस! तीही दरवर्षी डबाभर कुरडया न्यायची, म्हणून त्याच खुणेखाली बसली होती. शरच्चंद्ररावांना आत्ता कळलं तर ते घराघरांत फिरून सगळ्यांना फिरवतील, आणि उद्याचा चीकही गटारात. ग्रुपमधून माणूस काढतात कसं, हे त्यांना शिकवू शकेल अशी बिल्डिंगमध्ये एकच बाई होती, आणि काढायचं होतं तिलाच.

अंगठे येऊ लागले. पहिला संजयचा, मग शेफालीचा. शेफालीने वर हात जोडून लिहिलं, 'सॉरी ताई, मागच्या वेळी वाचलंच नव्हतं.' सोळा घरांच्या इमारतीत स्वतःचा धरून आठ अंगठे झाले आणि गाडी तिथेच अडली. चेअरमनच्या वाकड्यात शिरायला बाकीचे तयार नव्हते. निम्मे झाले, निम्म्याहून जास्त नाहीत. कल्याणीच्या नावापुढे वाचल्याची खूण होती, अंगठा नव्हता. शैलाताई मधूनमधून गव्हातला हात पुसून फोन बघत राहिल्या. दुसऱ्या मजल्यावरून आता पावलं वाजतील, मग वाजतील, असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी नववा अंगठा आला. कोणाचा ते पाहायला त्यांनी चष्मा पुसला. मग जिन्यात खरंच पावलं वाजली, आणि दारात कल्याणी उभी राहिली. तिने पितळी किल्ली शैलाताईंच्या हातावर ठेवली.

"चाळीस वर्षं झाली, शैलाताई," ती म्हणाली. "आमच्या घराचा अंगठा दर वेळी तेच देतात. मला कोणी विचारलं नव्हतं."

सकाळी शरच्चंद्रराव चटई काखोटीला मारून वर आले, तर दार सताड उघडं. गच्चीभर पांढऱ्या धोतरांवर कुरडयांची गोल गोल वेटोळी पडत होती. गुलाबाच्या कुंड्या कोपऱ्यात ढकललेल्या होत्या.

"कुलूप कोणी उघडलं?"

"किल्लीने उघडलं," शैलाताई म्हणाल्या.

"किल्ली माझ्या घरात असते!"

"होती. सोसायटीचा ठराव झालाय. नोटीस ग्रुपवर टाकली होती."

"कुठल्या ग्रुपवर? मी नाही असल्या कुठल्या ग्रुपवर!"

"तुम्ही नसाल. तुमच्या घरातलं माणूस आहे ना! त्यांनी अंगठा दिलाय. घरातला एक अंगठा पुरतो, शरच्चंद्रराव. तुमचाच नियम आहे."

हे वाक्य शैलाताईंनी चार दिवस तोंडात घोळवलं होतं. ते बाहेर पडल्यावर त्यांना इतका आनंद झाला की कुरडईचं एक वेटोळं वाकडं पडलं, तरी त्यांनी ते तसंच राहू दिलं.

शरच्चंद्ररावांचा चेहरा पडला. "मग मी योगासनं कुठे करायची?"

"ग्रुपवर अर्ज टाका. निम्म्याहून जास्त अंगठे आले तर बघू."

"अहो, पण मी त्या ग्रुपवर नाही!"

"मग घरातल्या माणसाला सांगा टाकायला."

तेव्हा कुठे त्यांनी शेजारी दुसरा सोरा फिरवणाऱ्या बाईकडे नीट पाहिलं. पदर खोचलेला, कोपरापर्यंत पांढरी झालेली ती त्यांची बायको होती.

"कल्याणी, टाक तो अर्ज."

"माझे हात चिकाचे आहेत," कल्याणी म्हणाली. "सवडीने बघते."