भाडेकरूचे तीस डबे

कारखान्याचं कँटीन महिनाभर बंद राहणार असं कळलं, तेव्हा कोठीत एक गोणी भरून आणि वर अर्धी असे बटाटे पडले होते, आणि माझ्या मुलीचा आठवा महिना सरत आला होता. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी डोक्यात आल्या आणि माझ्या डोक्याने तिथल्या तिथे त्यांची गाठ मारली.

"मावशी, उचला सगळे," मॅनेजर म्हणाला. "यंत्रं दुरुस्त होईपर्यंत हातहातभर कोंब येतील. परत आल्यावर मला इथे जंगल नकोय."

"सगळे?"

"सगळे. पिशवीभर कांदेही न्या. मी काही बघितलं नाही."

सतरा वर्षं मी तिथे रोज दोनशे माणसांचं रांधते. गोणीला घाबरणारी मी नव्हे. घाबरला तो माझा जावई. तीन जिने चढून गोणी त्याने आपल्या स्वयंपाकघरात टेकवली आणि दाराला टेकून उभा राहिला.

"आई, हे खायचेत की पेरायचेत?"

"जावईबापू, मूल झाल्यावर महिनाभर तुमच्या घरात कुणाला चूल दिसणार नाहीये. तेव्हा मला दुवा द्याल."

जावई फ्रिज दुरुस्त करतो. एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला, वरून झाकण उघडणारा पेटीसारखा फ्रीजर त्याने खटपट करून जिवंत केला होता आणि बंद गॅलरीत ठेवला होता. सहा महिने त्यात बर्फाच्या दोन ट्रेंपलीकडे काही नव्हतं. इतका मोठा फ्रीजर रिकामा बघून मला दर खेपेला चुटपुट लागायची.

तीन दिवस आम्ही मायलेकी बटाट्यात बुडालो. गोठवायच्या बटाट्याला पाणी चालत नाही आणि घाई चालत नाही. कच्चा ठेवलात तर काळा पडतो. रश्शातली फोड ठेवलीत तर बाहेर काढल्यावर नुसता स्पंज. पण सालासकट उकडून, वाफ पूर्ण जाऊ देऊन, कुस्करून लोण्यात बसवलात तर दोन-तीन महिने शहाण्यासारखा राहतो. आम्ही कटलेट वळले, ते आधी ताटात सुटे गोठवले आणि मग डब्यात भरले. सूप केलं, त्यात दूध घातलं नाही. दूध नंतर, गरम करताना. पातळ चकत्यांचे थर लावून भाजले. लांब तुकडे अर्धेकच्चे तळून निथळले.

मुलीला उभं राहवत नव्हतं. ती खुर्चीत मागे रेलून बसायची, पोटावर परात ठेवायची आणि बटाटे कुस्करायची. मधेच परात हलायची.

"बघ, बघ, उठला भाडेकरू!"

हे नाव तिनेच पाडलेलं. पाचव्या महिन्यात पहिली लाथ बसली तेव्हा म्हणाली होती, माझ्याच घरात राहतो, भाडं द्यायचं नाव नाही, वर भिंतींवर लाथा मारतो. तेव्हापासून घरात तो भाडेकरूच. जावई रात्री घरी आला की आधी पोटाशी वाकून विचारायचा, "काय हो भाडेकरू, पाणी येतंय ना व्यवस्थित?"

लेबलांवरून मात्र आमचं वाजलं. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला. तिथे ती म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या गोळ्या दिवसांप्रमाणे पुड्यांत बांधून देते: पहिला दिवस, दुसरा दिवस. तेच तिने डब्यांना लावलं. दुकानातली पांढरी चिकटपट्टी आणली आणि गोलमटोल अक्षरात झाकणांवर लिहीत सुटली. "भाडेकरू, दिवस ४." "भाडेकरू, दिवस ५."

"अगं, पहिले तीन कुठे गेले?"

"पहिले तीन दिवस हॉस्पिटलचं जेवण."

"आणि आत काय आहे ते कोण लिहिणार? केल्याची तारीख? आमच्या कँटीनमध्ये असा डबा मी उचलून फेकते."

"आत काय असणार आई? बटाटा. सगळ्यांत बटाटाच आहे."

जावई इतका हसला की त्याला ठसका लागला. दिवस चारपासून दिवस तेहेतीसपर्यंत तीस डबे झाले. फ्रीजरचं झाकण लावून मुलगी त्यावर हात टेकून उभी राहिली. "ये म्हणावं आता," ती म्हणाली. "जेवण तयार आहे."

अकरा दिवसांनी, सकाळी, ती मला फोनवर म्हणाली की कालपासून तो फार शांत आहे. हॉस्पिटलमध्ये तिच्या पोटावर यंत्र फिरवणारी बाई आधी बोलत होती, मग बोलायची थांबली. मग तिने दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जन्मला. मुलगा. नखं आलेली होती. मी त्याला हातात घेतलं, मऊ टॉवेलात गुंडाळलेलं, आणि दोनशे माणसांचं रांधणाऱ्या माझ्या हातांना ते वजन पेलेना.

याहून जास्त मी ते सांगणार नाही.

मुलीला चौथ्या दिवशी घरी सोडणार होते. जावयाने आदल्या दिवशी पाळणा, झबली, लंगोट, सगळं त्याच्या मित्राच्या दुकानामागच्या खोलीत नेऊन ठेवलं. भिंतीवरचा चांदण्यांचा कागददेखील सोलून काढला. "आई, एकदा नजर फिरवा," तो मला म्हणाला, "माझ्याकडून काही राहिलंय का." त्याचे डोळे सुजून मिटायला आले होते.

मी सकाळी घर पुसायला गेले. खाटेखाली पाहिलं, कपाटं पाहिली. एक एवढासा मोजा गादीमागे सापडला, तो पदराला बांधला. मग मुलीसाठी सूप काढावं म्हणून गॅलरीत गेले आणि फ्रीजरचं झाकण उचललं.

फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, पण फ्रीजर त्याच्या ध्यानात आला नव्हता. माझ्याही आला नव्हता. तीस झाकणं, बर्फाची बारीक साय धरलेली, आणि प्रत्येकावर तिचं ते आनंदी अक्षर. वरच्या ओळीतला पहिला डबा होता "भाडेकरू, दिवस ४." तो दिवस आजच होता.

मी पदर खोचला. सगळे डबे ओट्यावर मांडले. गार प्लास्टिकवरची पट्टी निघत नाही, फाटते, म्हणून गरम पाण्यात फडकं पिळून झाकणांवर दाबायला लागले. पट्टी मऊ पडली की नखाने कड उचलायची आणि ओढायची. ती चार वाजता येणार होती. अकरा वाजले होते. डबे पाघळायच्या आत ते उरकायला हवं होतं. ते शब्द माझ्या लेकीच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत, एवढं एकच मला कळत होतं.

जावई तिची चादर न्यायला आला आणि दारातच थांबला. ओट्याकडे बघत राहिला.

"आई... आधी तिला विचारायचं का?"

"असलं विचारतात का कुणाला?" मी खेकसले. "काय विचारू? तुझं मूल गेलं, आता लेबलं काढू का?"

 तो हात धुऊन आला, दुसरं फडकं घेतलं आणि माझ्या शेजारी उभा राहून झाकणं खरवडायला लागला. त्याच्या हाताला पाने, पकडी, स्क्रू यांची सवय. त्या पट्ट्या त्याच्या बोटांना चिकटून बसायच्या आणि तो त्या झटकायचा नाही, एक एक करून सोडवायचा. सगळ्या पट्ट्यांचा ओला गोळा झाला, कणकेच्या लहान उंड्याएवढा. तो मी कचऱ्यात टाकला आणि कचरा खाली नेऊन दिला. डबे परत आत रचले. कोरी पांढरी झाकणं. मला वाटलं, चला, एवढं तरी मला जमलं.

मुलगी घरी आली. झोपली, उठली, भिंतीकडे बघत बसली. दूध उतरलं होतं, त्याला कुठे ठाऊक की आता ते नकोय. मी तिची छाती बांधून द्यायचे, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळायचो. मी खाली जाऊन ताज्या भाज्या आणायचे, ती दोन घास खायची. फ्रीजरला मी हात लावला नाही.

पाच दिवस असे गेले. मग एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि गॅलरीतून झाकण उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ डबे सरकवल्याचा आवाज. बराच वेळ.

"आई."

मी गेले. ती फ्रीजरमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभी होती, बोटं लाल झालेली.

"नऊ नंबरचा कुठाय?"

"कसला नऊ?"

"आज नववा दिवस आहे." तिने एक डबा उलटून पाहिला, मग दुसरा. "लेबलं कुठायत?"

"मी काढली गं."

"सगळी?"

"तू घरी यायच्या आधी. म्हटलं, तुला उगाच..."

"कुठे ठेवलीस?"

मी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात, दुकानात गिऱ्हाइकाला समजावते तसं बोलली. "हॉस्पिटलच्या कागदावर माझं नाव आहे, आई. त्याच्या पायाला पट्टी बांधली होती, त्यावरही माझंच नाव, आणि पुढे 'यांचं बाळ'. त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. फक्त इथे होतं. तीस वेळा होतं. मी रोज मनात म्हणायचे, आज पाचवा, आज सहावा. हिंमत झाली की जाऊन वाचीन."

"पुन्हा लिही ना गं," मी म्हणाले. म्हणतानाच कळलं की हे मी बोलायला नको होतं. "पट्टी आहे घरात. मी सांगते कुठला डबा कशाचा..."

"तेव्हा तो होता, आई. लिहीत होते तेव्हा पोटात लाथा मारत होता. नऊचं अक्षर वाकडं आलं होतं त्याच्यामुळे." तिने डबा छातीशी धरला. "आता कसं लिहू तसं?"

तिला दुखू नये म्हणून मी माझ्या नातवाला तीस वेळा नखाने खरवडून काढलं होतं, आणि मला ते करण्यापासून अडवू पाहणारा एकच माणूस होता, त्याच्यावर मी खेकसले होते.

ती फरशीवर बसली. मीही बसले, गुडघे कुरकुरत. फ्रीजरचं झाकण उघडंच होतं आणि यंत्र घरघर करत होतं. ती डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत होती. मग थांबली. पुन्हा फिरवला.

"इथे चिकट आहे अजून."

मी बोट लावलं. पट्टी गेली होती, पण तिचा डिंक मागे राहिला होता. बोटभर लांबीचा चौकोन, बघून दिसत नव्हता, हाताला लागत होता. माझ्या कँटीनमध्ये असा डिंक मी राहू दिला नसता. तेलाने पुसून, राखेने घासून चकचकीत केला असता. त्या दिवशी घाई होती म्हणून राहिला.

"हा गरम कर," ती म्हणाली.

आत काय होतं ते मलाही आता सांगता येत नव्हतं. उघडलं तर सूप निघालं. मी मंद आचेवर ठेवलं, दूध घातलं, ढवळत राहिले. संध्याकाळी जावई आला तेव्हा तिच्या हातात वाटी होती. तो तिच्याजवळ खाली बसला. तिने त्याला एक चमचा दिला. तिने जवळजवळ अर्धी वाटी संपवली, मग तिला रडू आलं, आणि मोठ्याने आलं, घरी आल्यापासून पहिल्यांदाच. जावयाने वाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला धरून बसला.

मी डबा घेऊन मोरीशी गेले. नळ सोडला, काथ्या उचलला.

"आई," आतून तिचा आवाज आला, रडण्याने चिरकलेला. "झाकण घासू नकोस."

मी डबा आतून धुतला. झाकण दुसऱ्या हातात, पाण्यापासून लांब, उंच धरून उभी राहिले. हात भरून आला तरी तसंच धरलं.