मागच्या काचेची मोटर

मी बंद पडले हे कळलं, त्या दिवशी मालकीणबाईंचं, छबुबाईंचं तेरावं होतं. पाहुण्यांना शिरूर कासारला सोडून माझे मालक भगवानराव गाडीतून एकटेच नेकनूरला परतत होते. मागची काच धुळीनं भरली होती. त्यांनी बटण दाबलं. पाणी उडालं, पण वायपर हलला नाही. मित्रांनो, मी त्याच आठ वर्षांच्या गाडीच्या मागच्या वायपरची मोटर. त्या दिवशी मी नुसती गुरगुरले.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली आणि डिकीच्या दारात मला तीन बोल्टांनी आवळून बसवलं. तेव्हापासून मी इमानानं काच पुसली. उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेला चिखलसुद्धा पुसला. मालकांनी माझ्याकडे कधी पाहिलं नाही. बायको गेल्यावर मात्र त्यांचा कशावरच विश्वास उरला नाही. स्टँडवरच्या हॉटेलात त्यांनी चारचौघांत सांगितलं, "म्हाळ्यानं दिवाळीला सर्विसिंग केली, तवाच माजी चांगली मोटर काढून घेतली. भंगारातली बसवली."

म्हाळूचं गॅरेज गावातलंच. हे ऐकून लोक गाड्या बीडला न्यायला लागले. शेवटी तो स्वतःच पाने-हातोडी घेऊन भगवानरावांच्या दारात आला.

"काका, तुमच्यासमोर काढतो. जुनी का नवी, तुमीच बघा."

"बघतोच. पाना कावून घसरतोय बे?"

"तुमी मानंवर बसल्यात म्हणून!"

म्हाळूनं आतले तिन्ही बोल्ट काढले. मी हलले नाही. माझा शाफ्ट, म्हणजे वायपर फिरवणारा दांडा, काचेतून बाहेर जातो, तो तिथंच जाम झाला होता. म्हाळूनं हातोडी घेतली. खरं सांगते, हातोडी दिसली की मलाही कुणाचा भरवसा वाटत नाही. ठोकण्याआधी त्यानं बाहेरून वायपरच्या नटावरचं टोपण उचललं आणि थांबला.

"काका, हे काय हाय?"

नटावर हळद-कुंकवाचा थर होता, दगडासारखा वाळलेला.

मला ठाऊक होतं. दर दसऱ्याला भगवानराव पुढं बोनेटसमोर नारळ फोडायचे, तेव्हा छबुबाई मागं यायच्या. प्लास्टिकवर कुंकू धरत नाही, म्हणून टोपण उचलायच्या. नटाला तेलाचं बोट लावून हळद-कुंकू टेकवायच्या आणि म्हणायच्या, "पुढच्याला समदेच पूजतेत. मागचीनं काय पाप केलं?" माझं तेवढंच कौतुक झालं. त्याच थरात पाणी मुरलं, गंज चढला आणि मी अडकले.

"हा नट सोडल्याबिगर मोटर निघतच न्हाई. पाना लागला असता तर हे तुटलं असतं," म्हाळू हळूच म्हणाला. "इथं कुणाचाच हात लागला न्हाई, काका."

"तिचा लागला," भगवानराव म्हणाले. त्यांनी थरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"ठोकू का? ठोकलं तर हे ऱ्हायचं न्हाई."

"हातोडी ठिव."

म्हाळूनं बोल्ट परत आवळले आणि चहा न घेता गेला.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण नंतर नट पुसा आणि तेलाचा एक थेंब सोडा. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी टोपण उचलून बघा.

मी अजून डिकीच्या दारातच अडकले आहे. मागची काच भगवानराव फडक्यानं पुसतात, टोपणाला हात लावत नाहीत. म्हाळूच्या गॅरेजकडे गाड्या अजून वळत नाहीत. हॉटेलात बोललेलं भगवानरावांनी अजून मागं घेतलेलं नाही.