फेस पुसायच्या कागदांतलं पुस्तक

मी एक जुना आरसा आहे. केस कापायच्या एका दुकानात, दाराच्या समोरच्या भिंतीवर, मी गेली एकेचाळीस वर्षं टांगलेला आहे. रुंदीला मी दोन खुर्च्यांना पुरून उरतो. खालचा उजवा कोपरा काळवंडलाय, तिथला पारा गेलाय. तेवढं सोडलं तर मी अजून देखणा आहे. हे स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण हल्ली दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून सांगावं लागतं.

मित्रांनो, मी मत्सरीही आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी कुणाबद्दल वाकडं बोललो तर तुम्हाला नवल वाटायचं नाही. 'हातच्या काकणाला आरसा कशाला' ही म्हण ज्यानं काढली, त्याच्याशीसुद्धा माझं जुनं वैर आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. एका कारागिरानं माझ्या पाठीवर पारा चढवला, वर लाल रंगाचा हात दिला आणि मला भिंतीशी उभं केलं. तिथं आम्ही तीस-चाळीस आरसे होतो. अप्पांनी त्यातून मला निवडलं. तेव्हा ते अप्पा नव्हते. नवीन दुकान काढणारे, काळ्याभोर केसांचे, हसरे न्हावी होते. त्यांनी हातगाडीवर घरची गादी अंथरली, तिच्यावर मला निजवलं आणि सबंध रस्ता मला धरून चालत आले. त्या गादीत काचेचा चुरा राहिला असेल म्हणून त्यांच्या बायकोनं ती महिनाभर झटकली आणि महिनाभर त्यांना बोलणी ऐकवली.

काय दिवस होते ते! रोज सकाळी अप्पा मला आधी ओल्या फडक्यानं पुसत, मग कोरड्या कागदानं. शेवटी तोंडानं वाफ सोडून बाहीनं एक हात फिरवत. मग माझ्यात बघून स्वतःचा भांग पाडत. गिऱ्हाइकं तर काय, खुर्चीत बसली की माझ्यावरून नजर काढायची नाहीत. मान डावीकडे, मान उजवीकडे, हनुवटी वर. "अप्पा, तुमच्या आरशात माणूस दहा वर्षांनी लहान दिसतो हं," असं कुणी म्हणालं की अप्पा म्हणत, "आरसा चांगलाच आहे, पण हातही बघा की राव!" मला दोघांचं कौतुक एकच वाटायचं.

मग ते हातच थरथरायला लागले. आधी थोडे, मग जास्त. एक दिवस टपालवाल्यांच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. थेंबभरच रक्त आलं. टपालवाले म्हणाले, "अहो, चालायचंच." अप्पांनी जखमेवर तुरटी फिरवली, वस्तरा मिटला आणि मुलाच्या हातात दिला. त्यानंतर त्यांनी तो कधी उघडला नाही.

पण दुकानात यायचे. दाराजवळ स्टूल टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. म्हणजे माझ्याकडे पाठ. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तब्बल दोन वर्षं मी त्यांची पाठ बघत होतो. मला पुसायचं काम मुलाकडे गेलं आणि तो आठवड्यातून दोनदा कसंबसं फडकं मारायचा. माझ्यात असं काय बिघडलं, ते मला कळेना. एका कोपऱ्यातला पारा गेला म्हणून कुणी एकोणचाळीस वर्षांचं नातं तोडतं का?

आणि अशात ते पुस्तक आलं.

आमच्याकडे वस्तऱ्यावरचा फेस पुसायला आणि माझी काच घासायला रद्दीचे कागद लागतात. त्या गठ्ठ्यात ते आलं. पुठ्ठा नाही, पाठ उसवलेली. पहिली दहा-बारा पानं मुलानं फेस पुसायला वापरलीसुद्धा. त्यांच्याबरोबर पुस्तकाचं नाव गेलं आणि कवीचंही गेलं. अजून दोन दिवस असेच गेले असते तर सगळंच गेलं असतं आणि मी सुखी झालो असतो. पण अप्पांची नजर पडली. त्यांनी ते उचललं, चष्मा लावला आणि पुटपुटत वाचायला लागले.

खुर्चीत गवंडी बसले होते. त्यांना सगळे मिशाळ म्हणत, का ते सांगायला नकोच. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मिशीला पीळ भरून घ्यायला ते आमच्याकडे येत. ते म्हणाले, "अप्पा, एकटेच काय पुटपुटताय? मोठ्यानं वाचा की, आम्हालाही कळू दे!"

झालं. अप्पांनी स्टुलावरूनच, तसंच रस्त्याकडे तोंड करून, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ती एक लांबलचक कविता होती, गोष्ट सांगणारी. एक नावाडी असतो. नदीवर पूल बांधायला घेतात आणि त्याचा मुलगा त्या पुलाच्या कामावर जातो. बापाला वाटतं, माझ्या पोटावर माझ्याच पोरानं पाय दिला. तो म्हणतो, पुन्हा माझ्या नावेत पाऊल टाकायचं नाही. मुलगा पैलतीरावर जाऊन राहतो. वर्षं जातात. बाप साऱ्या गावाला पार नेतो आणतो, पण मुलाचं नाव काढत नाही.

कथा म्हणावी तर एवढीच. मला त्यात काही विशेष दिसेना. पण अप्पांचा आवाज! तो एवढा भरीव आहे हे इतकी वर्षं मला माहीत नव्हतं. नदी आली की तो पसरायचा, बाप बोलायला लागला की दातांतून यायचा. दुसऱ्या दिवशी टपालवाले पिशवी खांद्यावर तशीच ठेवून दारात उभे राहिले. तिसऱ्या दिवशी शेजारची शिंपीणबाई हातातलं काम घेऊन पायरीवर येऊन बसली. म्हणाली, "मी आपली बटणं लावत बसते, माझं लक्ष नाही तुमच्याकडे." तासाभरात तिनं एकच बटण लावलं, तेही उलट्या बाजूनं. पाचव्या दिवशी बाकावर जागा उरली नाही. त्यातल्या निम्म्यांचे केस आठवड्यापूर्वीच कापून झालेले होते!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्चीत बसलेला माणूस माझ्यात बघतच नव्हता. डोळे माझ्याकडे, पण बघणं भलतीकडेच. आणि चेहरे काय व्हायचे त्यांचे! एकेचाळीस वर्षं मी माणसांची तोंडं दाखवतोय. नटवी, रागीट, झोपाळलेली, सगळी बघितली. पण नावाड्याची बायको मुलाचं जेवण झाकून ठेवते आणि सकाळी ते नदीत सोडते, ही ओळ आली तेव्हा त्या टपालवाल्यांचं जे तोंड झालं, तसं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते मी घडवलेलं नव्हतं. फेस पुसायच्या कागदानं घडवलं होतं. मला सहन होईना.

मी एक डाव टाकला. दुपारी चारला दारातून ऊन येतं आणि माझ्यावर पडतं. मी ते सगळं गोळा करून सरळ त्या पानावर फेकलं. म्हटलं, दिपू देत डोळे, मिटू दे ते बाड. अप्पांनी पुस्तक जरा वर धरलं आणि म्हणाले, "वा! आज उजेड काय छान पडलाय." आणि रोजच्यापेक्षा चार पानं जास्त वाचली. याला म्हणतात करायला गेलो एक!

आठव्या दिवशी मात्र माझ्या मनासारखं झालं. मिशाळांच्या मुलीचं लग्न तीन दिवसांवर आलं होतं. मिशीची टोकं सारखी करून घ्यायला ते बसले होते. अप्पा वाचत होते. नदीला पूर आलाय, अर्धवट पूल वाहून गेलाय आणि नावाडी नावेचा दोर खुंटाला बांधून, नदीकडे पाठ करून बसलाय.

"पाणी चढले, काठ बुडाला,
दोर ताणुनी नाव थरारे;
पैलतिराहुन हाक उमटली,
'बाबा!' म्हणता थिजले वारे."

दुकान थिजलं. अप्पांच्या मुलाची मान दाराकडे वळली, पण वस्तरा चालूच राहिला. मिशाळांची डावी मिशी मुळासकट उतरली. गंमत म्हणजे ते ना उतरवणाऱ्याला कळलं, ना ज्याची उतरली त्याला. मी एकटा बघत होतो. मला ओरडता येत नाही. आणि खरं सांगू? येत असतं तरी मी ओरडलो नसतो.

"उरलेलं उद्या," म्हणून अप्पांनी पुस्तक मिटलं. मिशाळांनी सुस्कारा सोडला आणि माझ्यात पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं!

"माझी मिशी कुठाय?"

"आहे की," मुलगा चाचरत म्हणाला. "म्हणजे... अर्धी आहे."

उरलेली अर्धीही काढावीच लागली. मिशाळ तोंडावर रुमाल धरून निघून गेले. बाकीचे पांगले. मग मुलगा अप्पांकडे वळला. रागानं त्याचे कान लाल झाले होते.

"अप्पा, आज मिशी गेली, उद्या कुणाचा गळा कापला जाईल. एवढं काय ते उद्या संपवा, नाहीतर लोक मला सोडायचे नाहीत. पण परवापासून घरी बसायचं. हे दुकान आहे."

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांनी स्टूल आत ठेवलं.

माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. पुस्तक जाणार! त्याच्याबरोबर अप्पाही जाणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मत्सर असाच असतो मित्रांनो, त्याला एका वेळी एकच दिसतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्चीत टपालवाले, गालाला फेस लावलेले. तेवढ्यात दारात मिशाळ. वरचा ओठ उघडाबोडका, पांढराफटक. मुलाची पाचावर धारण बसली. पण मिशाळ बाकावर दोघांना सरकवून बसले आणि म्हणाले, "पोरगी म्हणते, बाबा, बरे दिसता. ते असू दे. अप्पा, त्यानं दोर सोडला का नाही?"

अप्पांनी पुस्तक उघडलं. पण त्या दिवशी हात ऐकेनात. पान असं हलत होतं की ओळी त्यांना सापडत नव्हत्या. एक ओळ दोनदा वाचली, एक सुटली. ते थांबले. मला वाटलं, संपलं. पण ते उठले. गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. माझ्याखालच्या फळीवरच्या बाटल्या आणि कंगवे त्यांनी बाजूला सारले आणि ते पुस्तक उघडून माझ्या काचेला टेकवून ठेवलं. सवत मांडीवर येऊन बसावी, तशी माझी गत झाली.

मग त्यांनी मान वर केली. दोन वर्षांनी अप्पांचं तोंड मी समोरून पाहिलं. किती वाळलं होतं! त्यांचीही नजर माझ्यात गेली. आधी स्वतःच्या चेहऱ्यावर, मग फळीवर थरथरणाऱ्या दोन्ही हातांवर. त्यांनी ते झटकन मागे घेतले. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्यांना माझा कंटाळा आला नव्हता. ज्या हातांचं गाव कौतुक करायचं, ते असे झालेले त्यांना माझ्यात बघवत नव्हते. दोन वर्षं मी उगाच रुसून बसलो होतो.

ते वाचू लागले. मागे बसलेल्यांना त्यांची पाठ दिसत होती आणि माझ्यात त्यांचं तोंड. सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्यातला एकही स्वतःला बघत नव्हता. नावाड्यानं दोर सोडला. मिशाळांनी मांडीवर थाप मारली. नाव मध्यावर आली, आणि म्हाताऱ्या नावाड्याचे दंड भरून आले, वल्हं हातातून निसटायला लागलं. मुलानं काठावरून पाण्यात उडी टाकली. आणि पान संपलं.

अप्पांनी उलटायला बोट लावलं. कोपरा निसटला. पुन्हा लावलं. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा दोन पानं एकदम आली आणि त्यांनी ती घाईनं परत टाकली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ घट्ट मिटले होते. कुणाला हात दिसू नयेत म्हणून ते आणखी पुढे वाकले. पण ते तोंड माझ्यात लख्ख दिसत होतं, आणि त्यांचा मुलगा माझ्याकडेच बघत होता.

त्यानं वस्तरा खाली ठेवला. बोटांचा फेस पँटीला पुसला, पुढे आला आणि पान उलटलं. मग तिथंच, बापाच्या खांद्याशी उभा राहिला. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते वाचत गेले.

"थकले बाबा हात तुझे रे,
वल्हे दे मज, बैस जरासा;
तूच दाविली वाट जळाची,
आज मला दे तुझा भरवसा."

शिंपीणबाईनं हातातल्या सदऱ्यानंच डोळे पुसले. मिशाळांचा ओठ थरथरत होता आणि आता तो लपवायला मिशी नव्हती. टपालवाल्यांच्या गालावरच्या फेसातून दोन वाटा पडल्या. मुलानं बाजूच्या भिंतीकडे तोंड केलं, त्यामुळे मला त्याची फक्त मान दिसली.

परवापासून घरी बसायचं, ही गोष्ट पुन्हा निघाली नाही. रद्दीवाल्याला सांगून ठेवलंय, कवितेचं काही आलं तर आधी इकडे दाखव. अप्पा रोज दुपारी माझ्यासमोर उभे राहून वाचतात. मुलगा कात्री थांबवून पान उलटतो, आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं थांबतं.

माझं म्हणाल, तर मी सुधारलेलो नाही. पूर्वी पुस्तकावर जळायचो, आता त्या मुलावर जळतो.

मित्रांनो, आरशाला ओल लागू देऊ नका, मऊ फडक्यानं पुसा, एवढंच तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं. पण ते राहू द्या. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस मोठ्यानं वाचत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. आवाज शाबूत असतो, बोटंच ऐकत नाहीत. त्या दिवशी पान अडलं, तेव्हा अप्पांच्या सगळ्यात जवळ मी होतो, वीतभर अंतरावर. मला हात नव्हते. तुम्हाला आहेत.