दुसऱ्या हाताचं रक्त

थाप कशी मारावी हे माझ्याकडून शिकावं. मी लहानपणी मगरीच्या पाठीवर बसून शाळेत जायचे, ही गोष्ट वर्गात सांगून माझ्या तिन्ही नातवंडांनी बोलणी खाल्ली आहेत. पण आज सांगते त्यात एकही मगर नाही. असती तर बरं झालं असतं, दोघा-तिघांना तिच्या पुढ्यात टाकलं असतं.

माझी धाकटी लेक माझ्या अगदी उलटी. दुकानांतली वजनमापं तपासायची तिची नोकरी. ती दारात दिसली की दुकानदार आधी तराजू पुसायला धावतो. घरात आम्ही तिला काटाच म्हणतो. लहानपणी लपाछपी खेळताना "कुठे आहेस गं?" म्हटलं की "कपाटामागे" असं उत्तर द्यायची. तोंडातून खोटं निघायचंच नाही.

तिला एड्स झाला. कसा झाला, ते अख्ख्या नात्यागोत्याने विचारलं. त्यातून पुढे न्युमोनिया झाला, तो कसा झाला ते मात्र कुणी विचारलं नाही.

हॉस्पिटलात तिला कोपऱ्यातली खाट मिळाली आणि फाइलवर बोटभर रुंद लाल पट्टी. जेवण वाटणारी बाई ताट लांबच्या खुर्चीवर ठेवून पळायची. मी म्हटलं, "अगं बाई, ती ताटातलं खाते, तुला नाही खाणार."

चौथ्या दिवशी सकाळी काटा मला म्हणाली, "आई, सलाईनच्या बाटलीत मासे पोहतायत. एकाने टोपी घातलीय."

मी हसले. म्हटलं, आली बाई एकदाची आईच्या वळणावर! मग तिचे डोळे पाहिले आणि माझं हसू तिथेच थांबलं. माशाला टोपी घालणं ह्या पोरीला सात जन्मांत सुचलं नसतं. थोड्या वेळाने तिने ओकारी काढली, मला "मॅडम" म्हणाली आणि लायसन दाखवा म्हणून हटून बसली.

दुपारी मोठे डॉक्टर आले. खाटेच्या पायथ्यापासूनही लांबच उभे राहिले. माझ्या थोरल्या मुलाला म्हणाले, "रोग मेंदूत गेलाय. रक्तातलं मीठबीठ सगळं ठीक आहे, सकाळीच तपासलंय. आता घरी न्या, घरच्यांत राहू दे." आणि घरी न्यायचा कागद पुढे केला. थोरल्याने पेन काढलं.

"थांब!" मी ओरडले. "सकाळचं रक्त चुकीचं घेतलंय."

"आई, आता मगर आणू नकोस मध्ये."

"अरे, माझ्या डोळ्यांसमोर घेतलं!"

सकाळी रक्त घ्यायला जो आला, त्याने आधी लाल पट्टी पाहिली. मग दोन-दोन हातमोजे चढवले. मोज्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, घालावेत. पण नवी सुई टोचायची सोडून त्याने सलाईनची नळी क्षणभर काढली आणि त्याच सुईतून रक्त ओढून घेतलं. मी विचारलं, "दुसऱ्या हाताला शीर नाही का?" तर म्हणाला, "कशाला उगाच टोचायचं, आजी? त्रास होतो." "तिला का तुला?" म्हटलं, तर रक्ताची बाटली खिशात टाकून पसार.

मी तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये तीनशे माणसांचा स्वयंपाक केलाय. पातेल्यात जिथे मूठभर मीठ पडलं तिथेच चमचा बुडवून "मीठ बरोबर आहे" म्हणणाऱ्याला मी त्याच चमच्याने हाणलंय. आणि सलाईन म्हणजे तरी काय? मिठाचंच पाणी की! बाटलीवर छापलंय.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. "आजी, तुमच्या गोष्टी अख्ख्या वॉर्डाला पाठ आहेत."

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या थापांचा पश्चात्ताप झाला. पण पश्चात्ताप करत बसायला वेळ कुठे होता? थोरल्याच्या हातातला कागद ओढला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसले. "माझं वजन चौऱ्याऐंशी किलो आहे. काट्याने मोजलंय, म्हणजे एक ग्रॅम इकडेतिकडे नाही. उठवा बघू!"

डॉक्टर "नॉन्सेन्स" म्हणून निघून गेले. मागे राहिली त्यांच्या हाताखालची शिकाऊ डॉक्टरीण. वाकून हळूच म्हणाली, "आजी, नक्की कुठल्या हातातून घेतलं?"

"सलाईनच्याच. तुझ्या आईची शप्पथ घेऊ?"

"माझ्या आईची नको, तुमच्याच आईची घ्या," म्हणत ती काट्याच्या शेजारी बसली. खाटेवर, बरं का! चार दिवसांत त्या खाटेवर बसलेलं ते माझ्याखेरीज पहिलं माणूस. तिने दुसऱ्या हातातून रक्त घेतलं आणि स्वतः घेऊन धावली.

तासाभरात परत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. सकाळी सोडियम आलं होतं एकशे एक्केचाळीस, म्हणजे अगदी ठाकठीक. आता आलं एकशे बारा. रक्त अळणी झालं होतं!

"ह्या आजारात, त्यात न्युमोनिया असला की पुष्कळांचं असं होतं," ती म्हणाली. "शरीर पाणी धरून ठेवतं आणि मीठ विरळ होतं. मग मेंदूला सूज येते, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतं. तुम्ही पाणी किती पाजलंत?"

माझी मान खाली गेली. भिंतीवर कागद होता, 'भरपूर पाणी प्या'. मी दिवसाला तीन-तीन जग बळेबळे पाजत होते.

तिने पाणी मोजून द्यायला लावलं आणि जास्त मिठाची बाटली मशीनवर लावली, अगदी थेंबाथेंबाने. "भराभर वाढवलं तर मेंदूलाच इजा होते," म्हणाली. मला पटलं. मीठ बेतानेच घालावं.

तिसऱ्या दिवशी काट्याने डोळे उघडले. पाण्याच्या जगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, ह्यावर दीड लिटर लिहिलंय. सव्वाच आहे." मी तिथेच भोकाड पसरलं.

मोठे डॉक्टर पुन्हा लांबूनच म्हणाले, "वा, छान प्रतिसाद दिला पेशंटने!"

"तिने प्रतिसाद दिला. तुम्ही काय दिलंत? घरी जायचा कागद!"

आणि तो रक्त घेणारा! त्याला गाठून विचारलं, तर म्हणतो, "आजी, लाल पट्टी असली की आम्ही सगळेच असं करतो." सगळेच! मग रोग मेंदूत गेला म्हणून अशी किती माणसं घरी धाडलीत रे? आणि घरून पुढे कुठे गेली ती? त्याने खांदे उडवले. माझ्या हातात चमचा नव्हता, म्हणून वाचला.

काट्याने अंथरुणात बसून तक्रार लिहिली. कोणत्या हातातून, किती वाजता, आकडे कोणते, सगळं माझ्याकडून दोनदा वदवून आणि फाइलशी ताडून. मी म्हटलं, "डॉक्टर शंभर फुटांवर उभे होते, लिही."

"सहा फूट. फरशा मोजल्यात मी."

"बरं, निदान तो रक्त घेणारा मगरीसारखा..."

"आई."

मगर मागे घेतली. तो कागद मी स्वतः ऑफिसात नेऊन दिला. टेबलामागच्या चष्मेवाल्या बाबूने वाचला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसला. "आजी, मगरवाल्या तुम्हीच ना? ह्यातलं किती खरं?"

मी काट्याच्या सहीवर बोट ठेवलं. म्हटलं, "आधी बघ, ही सही कुणाची आहे. मग चष्मा पुसून पहिल्यापासून वाच. मोठ्याने."